समुद्र चार तासांवर

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

सकाळी टीव्ही लावला तेव्हा हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडात पेरी गावाजवळ किनाऱ्यावर येऊन आदळलं होतं. वारा ताशी २२५ किलोमीटर. मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहूनच टाकते, उद्या लाज वाटेल आणि लिहायचं राहील: बरं झालं, आपली पोर फ्लोरिडात नाही. तिथेही कुणाकुणाच्या पोरी असतीलच की.

आपली ॲशव्हिलला. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात, साडेसहाशे मीटर उंचीवर. नोकरीचं पत्र आलं तेव्हा ह्यांनी नकाशा उघडून आधी समुद्र मोजला होता. "गाडीने चार तास. वादळबिदळ इथवर पोचायचं नाही." हवामान बिघडत चाललंय म्हणून तिकडची माणसंही किनारे सोडून या डोंगरात राहायला येतात, हे कळल्यावर तर मी अगदीच निर्धास्त झाले. काल ती फोनवर म्हणाली, "आई, पाऊस थांबायचं नावच घेत नाहीये." मी काय सांगावं? छत्री विसरू नकोस.

२८ सप्टेंबर, शनिवार

फोन लागत नाही. रिंगसुद्धा जात नाही. कालपासून सात मेसेज टाकले, सगळ्यांवर एकच टिक.

दिवसभर बातम्यांत एवढं समजलं, की वादळ वारा घेऊन पोचायची गरजच नव्हती. जमीन आधीच्या पावसाने तुडुंब भिजलेली, त्यावर हेलीनचे ढग येऊन डोंगरांना अडले आणि तिथेच रिते झाले. पाणी जिरणार कुठे? उतारावरून सगळं दरीत. फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या महापुराची खूण ओलांडली. राज्याच्या पश्चिम भागातले सगळेच रस्ते बंद समजा, असं तिथल्या वाहतूक खात्याने सांगितलंय. वीज नाही, टॉवर नाहीत.

रिव्हर आर्ट्स डिस्ट्रिक्ट, तिथली नदीकाठची कलाकारांची वस्ती, पाण्याखाली. तिथूनच तिने गेल्या महिन्यात मातीची एक निळी बरणी घेतली होती. व्हिडिओवर फिरवून फिरवून दाखवत होती आणि मी म्हटलं होतं, एवढे पैसे कशाला घालवलेस.

ह्यांनी आज नकाशा उघडला नाही. मीही विषय काढला नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

पहाटे दोन चाळीसला मेसेज आला. ह्यांना उठवायला गेले तर हे जागेच.

"आई, मी ठीक आहे. घर उंचावर आहे, पाणी आलं नाही. नळ कोरडे आहेत, ओढ्यातून बादल्या आणून संडासात टाकतो. अग्निशमन केंद्राबाहेर उभी आहे, इथे वायफाय मिळतंय. घरमालकीणबाईंचा भाऊ स्वानानोआला राहतो, त्याचा पत्ता नाही. मागे रांग आहे, ठेवते."

'मी ठीक आहे' एवढंच कितीतरी वेळा वाचलं. मग देवापाशी जाऊन बसले. उठून टीव्हीही लावला नाही, आता काय बघायचंय म्हणून. तिला लिहिलं, जेवलीस का?

सकाळी चहाच्या वेळी ह्यांनी तो मेसेज मोठ्याने वाचला तेव्हा कुठे तो भाऊ माझ्या कानावर पडला. रात्री मी त्या ओळीवरून सरळ पुढे गेले होते.

लगेच दुसरा मेसेज टाकला: बाईंच्या भावाचं काही कळलं का? दोन्हींवर अजून एकच टिक.