बुव्हे बेट आणि भूगोलाचा तास

अक्षांश-रेखांशाचा पाठ शिकवताना आमच्या भूगोलाच्या सरांनी नकाशावर बुव्हे बेट शोधायला लावले होते. दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला सुमारे 2,500 किलोमीटरवर आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापासून सुमारे 1,700 किलोमीटरवर असलेल्या या निर्मनुष्य बेटाविषयी तेव्हापासून मी मिळेल ते वाचत आलो. शाळेने मला दिलेली ही आवड आहे, म्हणूनच या स्मरणिकेत तिच्याविषयी लिहावेसे वाटले.

1 जानेवारी 1739 रोजी फ्रेंच दर्यावर्दी बुव्हे द लोझिए यांना दाट धुक्यात हिमाच्छादित कडा दिसला. दक्षिणेकडील अज्ञात खंडाचे ते टोक असावे, असे समजून त्यांनी त्याला ‘सर्कंसिजन भूशिर’ म्हटले, कारण ख्रिस्ती पंचांगात तो दिवस येशूच्या सुंतेच्या स्मरणाचा होता. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून काढता येत असे. रेखांशासाठी मात्र अचूक वेळ ठाऊक असावी लागते आणि त्या काळी जहाजांवर भरवशाचे घड्याळ नसे. त्यामुळे नोंदवलेले स्थान चुकले आणि पुढे जेम्स कुक यांच्यासारख्या काटेकोर नाविकालाही तेथे जमीन सापडली नाही. बुव्हेंनी हिमनगालाच जमीन मानले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

1808 मध्ये जेम्स लिंडसे यांना बेट पुन्हा दिसले. 1825 मध्ये जॉर्ज नॉरिस यांनी त्याला ‘लिव्हरपूल बेट’ हे नाव दिले आणि जवळच आणखी एक ‘थॉम्सन बेट’ नोंदवले, जे पुढे कोणालाही आढळले नाही. अखेर 1898 मध्ये ‘वाल्दिविया’ या जर्मन संशोधन-जहाजाने बेटाचे अचूक स्थान निश्चित केले.

‘नॉर्वेजिया’ मोहिमेने 1927 मध्ये तेथे उतरून बेटावर नॉर्वेचा हक्क सांगितला. बेटाला नाव मात्र बुव्हेंचेच राहिले आणि वायव्येकडील भूशिराने सर्कंसिजन हे मूळ नाव जपले. हा निर्णय मला फार न्याय्य वाटतो, कारण रेखांश चुकला तरी बुव्हेंनी पाहिलेली जमीन खरी होती.

सुमारे 49 चौरस किलोमीटरच्या या ज्वालामुखीय बेटाचा 90 टक्क्यांहून अधिक भाग बर्फाखाली आहे. कडे इतके उभे आहेत की उतरायला जागा मिळणे कठीण. 1955 ते 1958 दरम्यान पश्चिम किनाऱ्यावर दरड कोसळून नवी सपाट जमीन तयार झाली. तिला ‘न्यूरोइसा’ असे नॉर्वेजियन नाव मिळाले असून आता तेथे सील आणि पेंग्विन वीण घालतात.