'ओके' म्हणालो आणि नापास झालो

वैमानिक व्हायचं तर विमान उडवण्यासोबत रेडिओवर बोलण्याचाही परवाना लागतो. त्याला आरटीआर म्हणतात. मी दिली तेव्हा ही परीक्षा दूरसंचार खात्याचा वायरलेस विभाग घेत असे. समोर मार्गाचा नकाशा, कानाला हेडसेट आणि पलीकडे कंट्रोलर झालेले परीक्षक. पहिल्या खेपेला मी सूचना ऐकली की "ओके सर" म्हणायचो, ऐकू आलं नाही की "रिपीट प्लीज". नापास!

कराडच्या मराठी शाळेतून आलेला मी इंग्रजीला टरकून होतो, म्हणून दोन महिने व्याकरण घोटवलं होतं. सगळी मेहनत वाया. रेडिओवरची भाषा इंग्रजी वाटते, पण तिथे प्रत्येक शब्दाला एकच काम नेमून दिलेलं असतं. 'रॉजर' म्हणजे तुमचं सगळं ऐकलं, बस्स. सांगितलेलं करतो, असं त्यात येत नाही, त्यासाठी 'विल्को'. होकाराला 'अफर्म'. पुन्हा सांगा म्हणायला 'से अगेन', कारण तोफखान्याच्या रेडिओवर 'रिपीट' म्हणजे पुन्हा तसाच मारा करा!

आणि 'ओके'? त्याचा अर्थ मला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमान अपघाताबद्दल वाचताना कळला. २७ मार्च १९७७, धुक्यात बुडालेली धावपट्टी, दोन जंबो जेट. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या वैमानिकाने "आता टेक-ऑफवर आहोत" अशा अर्थाचं काहीतरी मोघम सांगितलं. कंट्रोलर "ओके" म्हणाला. त्यानंतर तो "थांबा, मी सांगतो" असंही म्हणाला, पण नेमक्या त्याच क्षणी दुसरं, पॅन अॅमचं विमानही बोललं आणि दोन्ही आवाज एकमेकांत अडकून केएलएमच्या कॉकपिटमध्ये नुसती शिट्टी ऐकू आली. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली. 'टेक-ऑफ' हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारतात, एरवी 'डिपार्चर'. हे वाचल्यावर पाठांतराचा कंटाळा पार पळाला.

मग एसटी स्टँडवर बसून गाड्यांच्या पाट्या रेडिओच्या भाषेत वाचायला लागलो. एमएच १४ बीटी म्हणजे माइक, होटेल, वन, फोवर, ब्राव्हो, टँगो. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नायनर', कारण खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच वाटतात. फोन नंबर सांगताना आपणही 'एकोणऐंशी'नंतर "म्हणजे सेव्हन नाइन" असं जोडतोच की! धावपट्टी २७ सुद्धा 'टू सेव्हन', 'ट्वेंटी सेव्हन' नाही. तो आकडा म्हणजे दिशा: २७० अंश, शेवटचं शून्य गाळून.

घरी 'मेडे, मेडे, मेडे' सुरू झालं की आई स्वयंपाकघरातून डोकावायची. जीवावर बेतल्यावर मदत मागायचा हा शब्द १९२०च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर ठरला, फ्रेंचमधल्या 'मला मदत करा' या अर्थाच्या शब्दांवरून. जीवावर बेतलेलं नसेल तर 'पॅन-पॅन', तोही फ्रेंचच, बिघाड या अर्थाचा. क्यूएनएचने, म्हणजे समुद्रसपाटीला धरून काढलेल्या हवेच्या दाबाने, मात्र छळलं. तो दाब उंचीमापकावर लावला की जमिनीवर उभं विमानही पुण्यात साधारण १,९४० फूट दाखवतं, कारण मोजणी समुद्रसपाटीपासून होते. क्यूएफई, म्हणजे विमानतळावरचाच दाब, लावला तर तिथेच शून्य.

दुसऱ्या खेपेला कागदावर माझं विमान होतं सेस्ना १७२. मध्येच परीक्षकांनी सूचना दिली, फ्लाइट लेव्हल वन एट झिरोला चढा. म्हणजे अठरा हजार फूट! सेस्नाला चौदा हजारांपुढे दम लागतो. साहेबांना नाही म्हणायचं आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. 'विल्को' ओठांवर आलं होतं. बटण दाबलं आणि म्हणालो, "अनेबल."

पलीकडे क्षणभर खरखर. मग पुढची सूचना आली, सात हजारांची.