आमच्या पोलीस ठाण्याच्या दुरुस्तीचं काम आम्ही कसं केलं (माझा अनुभव)

मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या आत्याची चेन गेली, कोल्हापुरात रंकाळा तलावावरनं फिरून येत होती आणि दोघं गाडीवरनं आले, हिसडा मारून गेले. मी तिला घेऊन ठाण्यात गेलो. आत्या ६८ वर्षांची, गुडघ्यांचा त्रास, आणि तिथं बसायला एकच बाक, त्याचाही एक पाय विटेवर टेकवलेला, त्यावर आधीच तिघं बसलेले. मग ती दीड तास पायरीवर बसली. बाथरूमला कडी नव्हती, मी बाहेरनं दार धरून उभा राहिलो. तक्रार घेणारे हवालदार मामा माणूस म्हणून फार चांगले, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं त्यांनी आत्याला, पण त्यांच्या पाठीमागची भिंत २०१९ च्या महापुरापासून तशीच होती, कंबरेएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ आणि तिच्या खाली सगळा गिलावा फुगून पोपडे सुटलेले. लिहिता लिहिता ते दर दोन ओळींनी कागदावरची पूड हाताने झटकत होते. ते बघून मला लई वाईट वाटलं.

माझं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. रात्री तालमीत विषय काढला, म्हटलं बाक मी करून देतो, बाकीचं कोण काय करतंय बोला. रंगाचं दुकान असलेला मित्र तयार झाला, फरशीवाले काका तयार झाले, एक इलेक्ट्रिशियन, एक प्लंबर, आणि हाताला काम द्या म्हणणारी तालमीची पंधरा-वीस पोरं. आम्हाला वाटलं दोन आठवड्यात उरकून टाकू. नुसत्या परवानगीला साडेतीन महिने गेले.

कुणाला आपल्या भागात असं काही करायचं असेल तर हे नीट वाचा. ठाणं पोलिसांचं असलं तरी इमारत सरकारी, दुरुस्तीचं बघतं सार्वजनिक बांधकाम खातं. म्हणजे आधी ठाण्याच्या पीआय साहेबांना अर्ज, तिथनं तो वर एसपी ऑफिसला, मग बांधकामचे इंजिनिअर येऊन बघणार, कुठल्या भिंतीला हात लावायचा कुठल्या नाही ते सांगणार. पीआय साहेबांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी स्पष्ट केल्या. रोख एक रुपया घेणार नाही, जे द्यायचं ते वस्तूच्या रूपात, बिल देणाऱ्याच्या नावाचं, आणि आलेला प्रत्येक पंखा, प्रत्येक बाक डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे ठाण्याच्या सामानाच्या वहीत, चढणार. दुसरी, ज्याच्यावर इथं गुन्हा दाखल आहे किंवा चौकशी चालू आहे त्याच्याकडनं चमचासुद्धा चालणार नाही.

ही दुसरी अट आम्हाला जड गेली. एक जण सगळ्या फरशीचा खर्च एकटा करायला तयार होता, नंतर कळलं की त्याच्याविरुद्धची एक तक्रार तिथंच चालू आहे. त्याला नाही म्हणायला मीच गेलो. तो चिडला, अजून बोलत नाही. पण मला विचाराल तर साहेबांचं शंभर टक्के बरोबर होतं. उद्या त्याच्याविरुद्ध तक्रार द्यायला आलेल्या माणसाला पायाखालची फरशी कुणाची हे माहीत असेल तर तो काय बोलणार? त्याच कारणानं आम्ही ठरवलं, कुठंही कुणाच्या दुकानाची पाटी लावायची नाही, बाकाच्या मागं बारीक अक्षरातसुद्धा नाव नको. यावर तालमीत दोन रात्री वाद झाले, दोघं दुकानदार बाहेर पडले. पडूदेत म्हटलं.

काम मार्चमध्ये सुरू झालं. पुराची ओल लागलेल्या भिंतीवर नुसती पुट्टी मारून रंग दिला की पहिल्या पावसाळ्यात परत पोपडे येतात, हे आम्हा कोल्हापूरकरांना सांगायला नको. म्हणून रेघेच्या वर फूटभर जाऊन सगळा गिलावा पार विटेपर्यंत काढला आणि भिंत महिनाभर तशीच उघडी वाळू दिली. पोरांना धीर नव्हता, रोज विचारायची रंग कधी, पण गवंडी मिस्त्री हात लावू देत नव्हते.

आणि ठाणं एक मिनिट बंद ठेवता येत नाही. स्टेशन डायरी चालूच, कोठडीत माणसं असतात, रात्री-अपरात्री कुणीही येतं. सीसीटीव्हीला तर हात लावायचा नाही, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे सक्तीचे केलेत, त्यामुळे वायरिंग बदलताना कॅमेऱ्याची लाईन आधी वेगळी काढून मगच मेन बंद करायचा. एका वेळी एकच खोली रिकामी करायची, ती झाली की दुसरी.

आमच्याकडनं मोठी चूक झाली ती अंगणात. तिथं जप्तीच्या मोटरसायकली वर्षानुवर्षं उभ्या, टायर मातीत रुतलेले, सीटमधनं गवत उगवलेलं. पहिल्या रविवारी पोरांनी हौसेनं पंचवीस-तीस गाड्या ढकलून एका बाजूला केल्या, साफसफाईसाठी. प्रत्येक गाडीला सुतळीनं गुन्हा रजिस्टर नंबरची चिठ्ठी बांधलेली होती, त्यातल्या पाच चिठ्ठ्या तुटून पडल्या. मुद्देमाल बघणाऱ्या हवालदार मामांचा चेहरा पांढरा पडला. ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पोरांनो, ही गाडी न्हाई, हा पुरावा हाय. कोर्टाच्या ऑर्डरशिवाय मला बी ती देता-टाकता येत न्हाई, आधी सीआरपीसीचं ४५१ कलम हुतं, आता १ जुलै २०२४ पासनं नव्या कायद्याचं, नागरिक सुरक्षा संहितेचं ४९७." मग त्या दिवशी आम्ही रॉकेलचा बोळा घेऊन गंज पुसत एकेका गाडीचा चेसिस नंबर वाचला आणि मामांनी रजिस्टरशी ताडून बघितला, संध्याकाळचे सात वाजले. पाचही जुळल्या तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पुढच्या आठवड्यात मी पत्र्याचे बिल्ले कापून आणले, मामांनी त्यावर नंबर घातले आणि तारेनं हँडलला बांधले.

मुद्देमालाच्या खोलीत मात्र आम्हाला आत सोडलंच नाही, आणि ते योग्यच. आतली मापं मामांनी टेपनं घेऊन बाहेर सांगितली, त्यावरनं मी अँगलचे रॅक केले.

शेवटी रंग झाला, आठ बाक बसले, बायकांचं वेगळं बाथरूम झालं, आतनं कडी असलेलं. दारावर "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय" लिहायला तालमीजवळचे म्हातारे पेंटर आले, स्टिकर नको म्हणाले, खडूनं आखून ब्रशनं लिहिलं, दुपारचे तीन तास शिडीवर. त्याच्या खाली आम्ही साहेबांना विचारून एक साधा बोर्ड लावला: एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, आणि हद्द कुठलीही असो, तक्रार इथं देता येते. माझ्या मते सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगाची वस्तू तीच, खर्च सगळ्यात कमी.

आत्याची चेन अजून मिळालेली नाही. तपासाचं विचारायला ती जुलैमध्ये माझ्याबरोबर आली, या वेळी बाकावर बसली. बाहेर चार दिवस पाऊस लागून होता, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चाललेली, सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. मी मामांना विचारलं रॅकचं काय. ते म्हणाले सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवलाय, तू तो रेघेच्या वर वीतभर घेतलायस खरा, पर पंचगंगेचा काय नेम, म्हणून फायली आणि मुद्देमाल आणखी एक कप्पा वर घेतलाय.