एक कॅन परत

२०१९ चा ऑगस्ट. कर्नाटकात निपाणीजवळ, यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर चढलेलं. एरवी सकाळी कॅनांच्या खणखणाटानं भरून जाणारा आमच्या जुन्या सहकारी डेअरीचा दूध उतरवायचा डॉक त्या दिवशी ओस होता. दगडी इमारतीत गारव्यासाठीचा अमोनियाचा कॉम्प्रेसर तेवढा धडधडत होता.

दुपारी दोनला एक ट्रॅक्टर आला. नदीकाठच्या एका गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी, कमरेपर्यंत चिखल. ट्रॉलीत ओल्या पोत्यांत गुंडाळलेले चाळीस लिटरचे तीन कॅन. पहाटे निघून वळसे घालत पोचले होते.

दोन कॅन पास झाले. तिसऱ्यातलं पाच मिली दूध परीक्षानळीत घेऊन उकळत्या पाण्यात धरलं. पाच मिनिटांनी नळी तिरकी केली, तर काचेला रव्यासारखे कण चिकटलेले. दुसरी नळी लावली. तेच. असलं दूध जंतू मारायला पाश्चरायझरमध्ये तापवलं, की ७२ अंशाला प्लेटांवरच फाटतं, आणि टाकीतलं बाकीच्या गावांचं दूधही वाया जातं.

"मामा, हा घेता येत नाही."

त्यांनी नळी उजेडाला धरली. "कालच्या सांजचं हाय. लाईट न्हवती."

नासलेलं दूध आम्ही तिथंच ओतून टाकतो. मी पोराला हाक मारली, तर मामा कॅनवर हात ठेवून उभे राहिले. "न्हाई साहेब, परत न्हेतो. बायकांनी पाण्यातनं येऊन दूध घातलंय. रिकामा कॅन बगून काय म्हणतील?"

एका कॅनमध्ये वीस-पंचवीस घरांचं दूध असतं. तो परत गेला की बिलात सगळ्यांनाच फटका. इकडे गदगजवळ कणगिनहाळला १९०५ साली सहकारी पतसंस्था निघाली, तेव्हा एकाचं कर्ज थकलं तर सगळे सभासद जबाबदार असत. दुधात ते आजही तसंच आहे, आणि त्याचा हिशेब गावाला द्यायला हा एक माणूस उभा होता.

दूध परत केल्याची आमची चिठ्ठी कन्नडमध्ये छापलेली. मी मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहिलं: दूध कधीचं, किती वाजता तपासलं, काय दिसलं. खाली सही, शिक्का. मामांनी ती दोनदा वाचली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून टोपीत खोचली.

तोवर पोरांनी गार पाण्याच्या टाकीतला बर्फ फोडून दोन पोती भरली होती. आज सांजच्या कॅनभोवती लावायला.