आमेले!

आज रविवार, झोप सोडून लेकीला घेऊन गावच्या वाचनालयात गेलो, कथाकथन स्पर्धा होती. अर्धा तास माईकच चालू होईना (हे दरवर्षीचंच). पोरगी कन्नड मीडियमची, आज्जीनं आठवडाभर जोडाक्षरं घोटून घेतलेली, तरी स्टेजवर "मग"च्या जागी "आमेले" म्हणाली आणि सगळा हॉल हसला ओ, परीक्षकसुद्धा! नंबर नाही आला.

पाहुण्यांनी सांगितलं, बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८चं, आणि आपल्याकडं कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात. भाषण जरा लांबलंच, पण चहा-चुरमुरे मस्त होते. येताना तिनं स्वतःहून कार्ड काढलं, दोन पुस्तकं घेतली, आत्ता जेवायला हाक मारालोय तर उठंना.