स्पितीचा मटार आणि आपला फ्लश

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये हिमाचलमधल्या स्पितीला जाऊन आले. मॉनेस्ट्रीचे फोटो तर सगळ्यांनी बघितलेच, पण माझ्या डोक्यात अजून तिथला मटार आणि तिथला संडास बसलाय, म्हणून लिहितेय.

किब्बर गावात होमस्टे होता, उंची १४,००० फुटांच्या आसपास. सकाळी उठून बघते तर गल्लीत मटाराच्या गोण्या रचलेल्या आणि पिकअपवाला वजन करतोय. आपल्याकडे मटार थंडीतला, यांचा निघतो तेव्हा खाली मैदानात कुठेच नसतो, म्हणून चंदीगड-दिल्लीच्या मार्केटला भाव मिळतो. १९८० च्या दशकात हे पीक इथे आलं, त्याआधी मुख्य म्हणजे जव. वर्षात पीक एकच, हे गेलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही नाही. पाऊस जवळपास नाहीच, सगळं पाणी वरचं बर्फ वितळून येणारं. ते कूलने, म्हणजे आपल्या पाटासारखंच, शेतात आणतात आणि कुणाची पाळी कधी ते गावात ठरलेलं असतं. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं की पेरणीपासूनच बोंब.

आता संडास. वरच्या मजल्यावर मातीची जमीन, मधे चौकोनी भोक, बाजूला कोरडी माती आणि शेणलीद, फावडं. झालं की दोन फावडी माती टाकायची, पाणी अजिबात नाही. खालच्या खोलीत त्याचं खत होतं आणि पेरणीच्या आधी तेच शेतात जातं. हिवाळ्यात तर पाइपच गोठतात, तिथे फ्लश काय चालणार! म्हणजे पाणी वाचतं, खत मिळतं, आणि आमच्या ग्रुपमधले दोघं पहिल्याच दिवशी विचारतात, वेस्टर्न टॉयलेट नाही का. मला खरंच वाईट वाटलं. २०२० मध्ये अटल टनेल झाल्यापासून मनालीहून लाहौलला जाणं सोपं झालंय, पुढे कुंझुमची खिंड ओलांडली की स्पिती, सीझनमध्ये गाड्याच गाड्या, आणि काझात, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात, हॉटेलं फ्लश देतात कारण आपण मागतो. होमस्टेचे पैसे त्यांना हवेच आहेत, एका पिकावर घर चालत नाही, पण मटाराच्या वाटचं पाणी आपण टाकीत भरायचं का? जाणार असाल तर कोरडा संडासवालं घरच शोधा, वास येत नाही, शप्पथ.

त्या रात्री अकराला होमस्टेवाल्या दीदींचा मुलगा बॅटरी आणि फावडं घेऊन निघाला. मी विचारलं कुठे, तर म्हणाला आज जवाच्या शेताला आपली पाळी आहे.