तुम्ही विचारलंत म्हणून: नाटक फास्ट काहून नाही घेत?

नागपुरात प्रयोग सुटला की पार्किंगमध्ये कोणीतरी गाठतंच. "भाऊ, नाटक चांगलं होतं, पण थोडं फास्ट काहून नाही घेत? लोक आता रील पाहतात." हीच मंडळी हिवाळ्यात वडसा-ब्रह्मपुरीकडे जाऊन झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं रात्रभर चालणारं नाटक पहाटेपर्यंत बघून येतात, तेव्हा कोणी घड्याळ काढत नाही.

फास्ट घेऊन झालंय. पहिल्या अंकात मुलगा विचारतो, "बाबा, सातबारा कुठाय?" बाबा हातातला पेला खाली ठेवतात. मग, "कपाटात." मध्ये पाच सेकंद. तेवढ्यात प्रेक्षकाला कळायचं, वावर गेलं. स्पर्धेआधी वेळ आवरायची म्हणून तो पॉज कापला. पेला टेकायच्या आत "कपाटात". असे पॉज उपटून अकरा मिनिटं वाचवली. दुसऱ्या अंकात सावकार दारात उभा राहिला आणि सभागृह थंड. मागच्या रांगांत मोबाइल उजळले. वावर गेल्याचं ठाऊकच नाही, तर सावकाराला भ्यायचं कशाला? अकरा मिनिटांनी आखूड झालेलं नाटक लोकांना लांबलेलं वाटलं.

कापा म्हणणारा मीच होतो. तेव्हा घड्याळ हातात होतं ना!

आमची नाटकं रेंगाळतात, हे मात्र खरं. पण कुठे, ते बघा. समोरच्याचं वाक्य संपल्यावर नट श्वास घेतो, मग बोलतो. अर्धा सेकंद. सहाशे वाक्यांना पाच मिनिटं झाली. श्वास समोरचा बोलत असतानाच घ्यायचा. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबलं की पुढचं वाक्य गार पडतं, भरात असताना बोललं तर ऐकूच येत नाही. उतरणीला लागला की बोलायचं. आणि ब्लॅकआउट! अंधारात सोफा सरकवत वीस सेकंद काढायचे, मग लोक खिशात हात घालणारच. झाडीपट्टीत तिथे गाणं येतं, लावणी येते. रात्रभराच्या नाटकात रिकामी जागा सापडणं मुश्कील.

म्हणजे पॉज ठेवा, फटी बुजवा? इतकं सरळ असतं तर काय! पाचाऐवजी तीन सेकंद पुरले असते का, यावर तालमीत अजून भांडण होतं. बाबांचं काम करणारा म्हणतो, पेल्यात खरं पाणी द्या, मोजावंच लागणार नाही. दिलंय. सांडतं.